कुत्र्याच्या छातीवर कॅमेरा लावताय? आधी हिशोब बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पाळीव प्राण्यांशी संबंधित छोट्या धंद्यांबद्दल बोललो. त्यात एक मुद्दा मी घाईघाईत उरकला. कुत्र्याच्या अंगावर छोटा कॅमेरा बांधायचा, त्याच्या उंचीवरून जग शूट करायचं आणि ते व्हिडिओ टाकून कमवायचं. आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी जण ही आयडिया घेऊन येतोच. म्हणून आज सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असे व्हिडिओ टाकून व्ह्यूजच्या पैशावर घर चालवायचं, हा प्लॅन मला पटत नाही. पण तोच व्हिडिओ तुम्ही कुत्रे सांभाळायच्या, फिरवायच्या कामाला जोडलात, तर तो खरोखर उपयोगाचा आहे. फक्त त्याला एक अट आहे. ती अवघड आहे, म्हणून शेवटी सांगतो.

आधी माझी चूक

दोन वर्षांपूर्वी चिंचवडचा एक मुलगा बॅचला होता. वय २६, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर नोकरी. घरी बंड्या नावाचा गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. मुलाने कुठेतरी एक व्हिडिओ पाहिला होता. कुत्रा समुद्रात उडी मारतो, आपण त्याच्या पाठीवर बसल्यासारखं सगळं दिसतं. तो मला म्हणाला, "सर, बंड्याचं चॅनल काढतो. मराठीत असं कोणीच करत नाहीये."

मी काय म्हणालो असेन? "छान आयडिया आहे, कर सुरू. पॅशन फॉलो कर." टाळ्या झाल्या. पुढचा विषय सुरू.

त्याने ४२,००० रुपयांचा कॅमेरा घेतला, महिना ३,५०० प्रमाणे १२ हप्ते. पगार होता १९,०००. पाच महिन्यांत त्याने ६१ व्हिडिओ टाकले. सबस्क्रायबर झाले २१४, त्यातले निम्मे नातेवाईक आणि मित्र. आणि बंड्याच्या पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला पट्टा घासून जखम झाली. डॉक्टरांचं बिल वेगळंच.

तो मला भेटायला आला तेव्हा चिडलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "सर, माझं काय चुकलं?"

खरं उत्तर असं होतं की चूक माझी होती. मी त्याला एकही हिशोबाचा प्रश्न विचारला नव्हता. पैसे कोण देणार? कशासाठी देणार? किती दिवसांनी देणार? दुसऱ्याच्या हप्त्यावर आपण 'पॅशन' म्हणणं फार सोपं असतं.

जरा मागे जाऊन बघू: यातून कोणी कमावलं?

प्राण्याच्या अंगावर कॅमेरा ही काही नवीन गोष्ट नाही. जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या क्रोनबर्ग गावात युलियुस नॉयब्रोनर नावाचा एक औषधविक्रेता होता. तो औषधं पोचवायला कबुतरं वापरायचा. त्यातलं एक कबूतर हरवलं आणि काही आठवड्यांनी परत आलं. हे इतके दिवस होतं कुठे, या उत्सुकतेतून त्याने कबुतराच्या छातीवर बांधता येईल असा, आपोआप फोटो काढणारा छोटा कॅमेरा बनवला. १९०८ साली त्याला जर्मन पेटंट मिळालं. १९०९ साली ड्रेसडेनच्या प्रदर्शनात कबुतरं उतरायची, लोक बघायला जमायचे आणि त्या फोटोंची पोस्टकार्डं करून विकली जायची. म्हणजे आजच्या भाषेत कंटेंट होता, गर्दी होती, सगळं होतं. पण त्यातून मोठा धंदा उभा राहिला नाही. पुढे विमानातून फोटो काढणं सोपं झालं आणि विषय मागे पडला.

आता दुसरं उदाहरण घ्या. गोप्रो कंपनीचा निक वूडमन. २००२ मध्ये त्याने कंपनी सुरू केली, ती सर्फिंग करणाऱ्यांना स्वतःचे फोटो काढता यावेत म्हणून. २०१४ मध्ये त्याच कंपनीने कुत्र्यांसाठी 'फेच' नावाचा हार्नेस बाजारात आणला. किंमत साधारण ६० डॉलर. कॅमेरा पाठीवर लावा किंवा छातीवर, दोन्ही सोयी. १५ ते १२० पौंड, म्हणजे साधारण ७ ते ५४ किलोच्या कुत्र्यांसाठी. कुत्र्याचा व्हिडिओ चालो न चालो, पट्टा विकणाऱ्याचे पैसे आधीच सुटले.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. उत्तर अटलांटिकमध्ये फेरो बेटं आहेत. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. २०१६ पर्यंत गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये ही बेटं नव्हती. तिथल्या पर्यटनवाल्यांनी काय केलं, मेंढ्यांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे ३६० अंशांचे कॅमेरे बांधले आणि 'शीप व्ह्यू' म्हणून फोटो टाकायला सुरुवात केली. जगभर बातमी झाली आणि शेवटी गूगलने दखल घेतली. आता सांगा, त्यांनी काय विकलं? मेंढीचा व्हिडिओ विकला का? नाही. त्यांनी आपली बेटं विकली, पर्यटन विकलं.

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. फक्त चित्र विकणारा नॉयब्रोनर मागे राहिला. ज्यांच्याकडे चित्राच्या मागे विकायला दुसरं काहीतरी होतं, ते पुढे गेले.

आता तुम्ही म्हणाल, "सर, यूट्यूब पैसे देतं की." देतं. पण जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. ही झाली दाराची कडी. आत गेल्यावर ताटात काय पडेल, ते वेगळंच. ज्याच्यावर १२ हप्ते आहेत, त्याने या दारात किती दिवस उभं राहायचं?

मग बंड्याचं पुढे काय झालं?

झालं ते ठरवून झालं नाही. त्याच्या सोसायटीतले एक काका-काकू लग्नासाठी कोल्हापूरला गेले. जाताना त्यांची लॅब्राडोर याच्याकडे ठेवून गेले. काकू दिवसातून चार वेळा फोन करायच्या. जेवली का, फिरली का, रडत तर नाही ना. हा वैतागला. कॅमेरा पडूनच होता, तो त्याने तिच्या छातीला बांधला, सकाळचं फिरणं शूट केलं आणि ४० सेकंदांची क्लिप काकूंना पाठवली.

गेटमधून बाहेर, डावीकडे वळून, पिंपळाच्या पारावर वास घेऊन, दूधवाल्याच्या सायकलकडे बघून पुढे. बस, एवढंच. त्यात ना म्युझिक, ना एडिटिंग. काकूंनी ती क्लिप लग्नघरात वीस जणांना दाखवली. चार फोनचा एक फोन झाला. परत आल्यावर काकांनी न मागता पैसे दिले आणि म्हणाले, "दिवाळीत पण जाणार आहोत. तेव्हा पण तो व्हिडिओ पाठवशील ना रे?"

हाच मुलगा तसलेच व्हिडिओ पाच महिने जगाला फुकट दाखवत होता आणि जग बघत नव्हतं. इथे एकच प्रेक्षक होता, पण त्याला त्या व्हिडिओची गरज होती. माझ्या मते धंद्याचं गणित इथे आहे. व्ह्यूज किती आहेत यापेक्षा बघणाऱ्याचा जीव त्यात किती अडकलाय, ते महत्त्वाचं.

आता आकडे

त्याला विचारूनच हे आकडे देतोय. आज तो ७ कुत्रे रोज फिरवतो. सकाळी स्वतः, संध्याकाळी एक मदतनीस. नोकरी अजून सोडलेली नाही, आणि मीही त्याला सोड म्हणालेलो नाही.

- फिरवण्याचे एका कुत्र्याचे महिन्याला २,५०० रुपये
- आठवड्याला दोन क्लिपचे जास्तीचे ४०० रुपये
- ७ कुत्र्यांचे एकूण २०,३०० रुपये
- मदतनीस ६,०००, पेट्रोल १,२००, बिस्किटं आणि पट्ट्यांची दुरुस्ती ७००
- हातात राहतात १२,४०० रुपये

नीट बघा. यात व्हिडिओचे थेट पैसे फक्त २,८०० आहेत. म्हणजे ४२,००० चा कॅमेरा नुसत्या क्लिपवर फिटायला १५ महिने लागतात. हाच कॅमेरा त्याने जुना, चांगल्या अवस्थेतला १८,००० ला घेतला असता, वर मेमरी कार्ड ९०० आणि शिवून घेतलेला हार्नेस ३५०, तर १९,२५० रुपये सात महिन्यांच्या आत वसूल झाले असते. पण ७ पैकी ४ क्लायंट दुसऱ्या कोणाची तरी क्लिप बघून आले. व्हिडिओची खरी कमाई ती आहे.

त्यामुळे माझा सल्ला असा. पहिले ३ क्लायंट मिळेपर्यंत कॅमेरा घेऊच नका. तोपर्यंत हातातला मोबाईल गुडघ्याखाली धरून शूट करा. उंची तीच मिळते.

शूटिंगचं थोडक्यात

१. गळ्यातल्या पट्ट्याला कॅमेरा लावू नका. मान हलते, चित्र गरगरतं आणि वजन गळ्यावर येतं. अंगात घालायचा हार्नेसच हवा. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बंड्याची जखम कडक नायलॉनमुळे झाली होती. नंतर त्याने बॅगा शिवणाऱ्याकडून आतून सुती कापड लावून हार्नेस शिवून घेतला. आता तो शिवणारा इतरांनाही करून देतो. बघा, धंदा कुठून निघतो!

२. अॅक्शन कॅमेरा साधारण दीडशे ग्रॅमचा असतो. मोठ्या कुत्र्याला काही वाटणार नाही, पण पॉमेरियनवर, पिल्लावर, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यावर लादू नका.

३. पहिले पाच-सहा दिवस नुसता हार्नेस घाला. मग रिकामा डबा लावा. मग कॅमेरा. प्रत्येक वेळी आवडीचा खाऊ.

४. छातीवरून पुढचे पाय आणि रस्ता दिसतो, पाठीवरून कान आणि डोकं दिसतं. मालकाला कान दिसलेले जास्त आवडतात. आपलंच कुत्रं आहे, ही ओळख तिथून पटते.

५. सेकंदाला ६० फ्रेम आणि स्टॅबिलायझेशन सुरू ठेवा. लेन्स सतत पुसा, लाळ उडतेच. शूटिंग १५ मिनिटांपेक्षा जास्त नको, पाठवायची क्लिप ४० सेकंदांची.

६. उन्हात नाही म्हणजे नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार.

७. कुत्रं खाली बसलं, सारखं अंग झटकायला लागलं, ओठ चाटायला लागलं, शेपूट आत घेतली, तर कॅमेरा काढा. त्या दिवशी क्लिप नाही. क्लायंटला तसं सांगा.

आणि एक प्रामाणिकपणाची गोष्ट. 'कुत्र्याला जग असं दिसतं' असं लिहून क्लिप पाठवू नका. हे खरं नाही. कॅमेरा फक्त त्याच्या उंचीवरून दाखवतो. कुत्र्याला मुख्यतः निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, लाल आणि हिरव्यात त्याचा गोंधळ होतो. हिरव्या गवतातला लाल बॉल आपल्याला झटकन दिसतो, तो नाकाने शोधतो. त्याला बाजूचं आपल्यापेक्षा जास्त दिसतं, पण बारीक तपशील कमी दिसतात. आणि त्याचं अर्धं जग वासाचं आहे, ते तर कॅमेऱ्यात येतच नाही. पिंपळाच्या पारापाशी तो तीन मिनिटं थांबतो, तेव्हा क्लिपमध्ये नुसती भिंत दिसते. ती कापू नका. मालकाला कळतं तो काय करतोय.

परवानग्यांकडे दुर्लक्ष नको

क्लिप मालकालाच पाठवायची असेल तर फार अडचण नाही. पण ती तुमच्या पेजवर टाकायची असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. त्यात कोणाचं दार, गाडीचा नंबर, सोसायटीतली लहान मुलं दिसत असतील तर टाकू नका. दीड फुटावरचा कॅमेरा मुलांच्या तोंडासमोरच असतो, हे विसरू नका. आणि उद्या एखादी कंपनी जाहिरातीसाठी तुमच्या कुत्र्याचं शूटिंग मागायला आली, तर ते घरगुती काम राहत नाही. जाहिरात, सिनेमा यात प्राणी वापरायला २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. करार करण्याआधी ते विचारून घ्या.

आता ती अवघड अट

मागच्या पावसाळ्यात त्या मुलाचा मला रात्री फोन आला. संध्याकाळची क्लिप तो एडिट करायला बसला होता. त्या दिवशी मदतनीस फिरवायला गेला होता. कुत्र्याच्या पाठीवरच्या कॅमेऱ्यात काय आलं होतं? दोरी ताणलेली. वर बघितलं की मदतनीसाची हनुवटी आणि कानाला फोन. कुत्रं वास घ्यायला थांबलं की दोरीला हिसका. दुसऱ्या हिसक्याला कुत्रं कळवळलं, तो आवाज स्पष्ट होता. त्यानंतर शिवी.

"सर, तेवढा भाग कापून पाठवू का? बाकीचे दहा मिनिटं चांगले आहेत."

मित्रांनो, कुत्र्याच्या बाजूने कॅमेरा लावला की त्याच्या समोर आपण उभे असतो. हे आपल्या लक्षातच येत नाही. आपण समजतो बाग दिसेल, समुद्र दिसेल, मजा दिसेल. पण कुत्रं दिवसभर वर मान करून बघतं ते आपल्याकडे. त्याच्याशी आपण कसं बोलतो, किती जोरात ओढतो, फोन किती वेळ कानाला असतो, हे सगळं रेकॉर्ड होतं.

मी त्याला म्हणालो, कापू नकोस. तू फिरवणं विकत नाहीयेस. फिरवणारे गल्लीत दहा आहेत. तू मालकाला सांगतोयस की तुम्ही नसताना काय होतं ते मी तुम्हाला खरं दाखवतो. एकदा कापलंस की उरलेल्या सगळ्या क्लिप खोट्या झाल्या. त्यांना कळणार नाही, पण तुला कळेल. आणि पुढच्या वेळी कापायला हात लगेच जाईल.

त्याने आधी मालकांना फोन केला, काय झालं ते सांगितलं, मग पूर्ण क्लिप पाठवली. मदतनीसाला काढलं. त्या महिन्याचे पैसे परत केले. ते क्लायंट गेले. परत आले नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली, आणखी एक क्लायंट गेला. तेव्हा ९ कुत्रे होते, ७ उरले. ते आजही ७ च आहेत.

म्हणजे प्रामाणिक राहिलो आणि धंदा दुप्पट झाला, अशी गोष्ट मी तुम्हाला सांगू शकत नाही. महिन्याचे ५,८०० रुपये कमी झाले, तेवढंच सांगू शकतो. तरी माझा सल्ला बदललेला नाही. कारण जो जीव स्वतः तक्रार करू शकत नाही, त्याच्या वतीने आपण पैसे घेतोय. लहान मुलांचं पाळणाघर, म्हाताऱ्या माणसांची सेवा, कुत्र्यांचं बोर्डिंग, सगळीकडे हेच. पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा. अशा धंद्यात फसवणूक सोपी असते, म्हणूनच खरं दाखवणाऱ्याला किंमत असते. आणि ज्या दिवशी खरं दाखवणं परवडत नाही असं वाटेल, त्या दिवशी कॅमेरा काढून ठेवा आणि जास्तीचे ४०० रुपयेही घेऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा धंदा कुत्र्यांचा नसला तरी करा. ज्याला तुमच्या कामाचा थेट अनुभव येतो, त्याच्या उंचीवरून दहा मिनिटं शूट करा. मेस चालवत असाल तर टेबलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. दुकान असेल तर काउंटरच्या बाहेरून. बालवर्ग असेल तर तीन फुटांवरून. मग एकटे बसून आवाजासकट बघा. कुठला भाग कापावासा वाटतो, ते वहीत लिहा. सुधारायची यादी तीच.

बंड्याचं चॅनल बंद आहे. बंड्या आता फारसा कॅमेरा घालत नाही, त्याला आवडत नाही हे सगळ्यांना उशिरा का होईना कळलं. पण नवीन कुत्रं फिरायला आलं की पहिल्या दिवशी त्याच्यासोबत बंड्या चालतो, म्हणजे ते घाबरत नाही. त्याचे पैसे तो मुलगा घेत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. वही घेऊन बसा.